खाणींच्या गोव्यात पर्यावरणाची वकिली करायचीय? आधी डिचोलीची बस पकडा

दरवर्षी लॉचे रिझल्ट लागले की कोणाची तरी आई मला फोन करते, "अगो, आमच्या मुलीला एन्व्हायर्नमेंट लॉ करायचाय, त्यात काय स्कोप आहे काय?" आणि मुलगी मागून ओरडत असते की आई, मी स्वतः विचारणार होते. मग मी तेच तेच सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकूया. मी डिचोली तालुक्यातली, वकिलीला बारा वर्षं झाली, त्यातली बहुतेक खाणी, चिरेखाणी (जांभ्या दगडाच्या) आणि रेती ह्यातच गेली. पहिली तीन वर्षं एका कंपनीच्या लीगल खात्यात होते, नंतर गावांची कामं घ्यायला लागले, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मला माहीत आहेत.

पहिलं म्हणजे, ह्या कामात भाषणं फार कमी असतात. टीव्हीवर नद्या वाचवा म्हणणारे वकील दिसतात ते वर्षातून दोन दिवस, बाकीचे दिवस काम असतं ते जुळवाजुळवीचं. एक डोंगर फाइलमध्ये असतो आणि एक डोंगर जागेवर असतो. फाइलमधल्या डोंगराला डंपच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाच्या, पायथ्याशी भिंत असते, पावसाचं पाणी गाळून सोडायला तळी असतात, ताडपत्री घातलेले ट्रक असतात, झाडं तर इतकी लावलेली असतात की गोव्यात माणसांना उभं राहायला जागा उरू नये. जागेवरचा डोंगर तुम्ही जुलैत जाऊन बघायचा. ह्या दोघांत जो फरक सापडतो तो तारखेसकट, फोटोसकट कोर्टापुढे ठेवता आला की तुम्ही गावाचे चांगले वकील, आणि तो फरक कोर्टात जायच्या आधीच बुजवून घेता आला की तुम्ही कंपनीचे चांगले वकील. काम तेच.

डिग्रीचं पटकन उरकते कारण त्यात गुपित काही नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा. गोव्यात मिरामारचं साळगावकर लॉ कॉलेज आणि मडगावचं कारे लॉ कॉलेज ही दोन जुनी ठिकाणं, आम्ही बहुतेक जण तिथूनच आलोत. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, त्याची फी सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये ठरवून दिली, जनरलला ७५० रुपये आणि एससी-एसटीला १२५, त्याच्यावर कोणी मागितले तर पावती मागा. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम. नंतर वाटलं तर बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा पर्यावरण कायद्याचा पीजी डिप्लोमा घरबसल्या करता येतो, वाईट नाही, पण खरं सांगू का, त्या डिप्लोम्यापेक्षा एका सर्व्हेयरच्या मागे चार रविवार फिरलात तर जास्त शिकाल. आणि सायन्स घेतलं नव्हतं म्हणून घाबरू नका. मी आर्ट्सवाली. पाण्याची पातळी, टीएसएस (पाण्यात तरंगणारा गाळ), पीएम टेन (हवेतली बारीक धूळ) हे सगळं शिकता येतं, लाज सोडून विचारायची तेवढी तयारी पाहिजे.

आता तारखा. माझ्याकडे ज्युनियर आला की मी त्याला कायदा विचारत नाही, तारखा विचारते, कारण गोव्याचा सगळा खाण कायदा कॅलेंडरवर लटकलेला आहे.

पोर्तुगिजांनी १९०६ च्या खाण कायद्याखाली कन्सेशन्स, म्हणजे खाण काढायचे हक्क दिले, ते कायमचे, म्हणजे मुदतच नाही. १९६१ ला गोवा मुक्त झाला पण कन्सेशन्स तशीच चालू राहिली. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून ती रद्द केली आणि त्यांची लीझं, म्हणजे मुदतीचे पट्टे केले, तीसुद्धा मागे जाऊन २० डिसेंबर १९६१ पासून. मग ही लीझं २२ नोव्हेंबर १९८७ पर्यंतची धरली गेली, त्यापुढे वीस वर्षांचं एक रिन्युअल, म्हणजे २२ नोव्हेंबर २००७. ही तारीख हातावर गोंदवून घ्या. कारण २००७ नंतरही खाणी चालूच होत्या, नुसत्या चालू नाही तर चीनच्या मागणीने उसळी घेतली होती, एका वर्षात पाच कोटी टनांच्या आसपास मिनेर, म्हणजे लोखंडाचं खनिज, बाहेर गेलं, सावर्डे कुडचड्याच्या रस्त्यावर शाळेच्या पोरांना क्रॉस करायला मिळत नव्हतं, आणि कागदावर त्या लीझांची मुदत संपलेली. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ ला गोवा फाउंडेशन ह्या पर्यावरण संस्थेच्या केसमध्ये निकाल आला की २००७ नंतरचं सगळं खाणकाम बेकायदेशीर, पुढे वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा, लीझच्या बाहेर डंप टाकायचा नाही, अभयारण्य आणि नॅशनल पार्कच्या एक किलोमीटरच्या आत खाण नाही, आणि विकलेल्या मालाच्या दहा टक्के रक्कम कायम निधीत टाकायची. त्यानंतर सरकारने ८८ लीझं रिन्यू केली, ती ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केली, आणि १६ मार्च २०१८ पासून परत बंद.

ह्यात गंमत बघा. वीस-पंचवीस वर्षं लोक धूळ, गाळ, विहिरी घेऊन कोर्टात जात होते, थोडं थोडं मिळत होतं, पण सगळ्या खाणी एका झटक्यात थांबल्या त्या लीझच्या मुदतीवरून. म्हणजे पर्यावरणाचा वकील व्हायचं तर नुसता पर्यावरणाचा कायदा वाचून भागत नाही. १९५७ चा खाण आणि खनिज कायदा, जो एमएमडीआर म्हणतात, तो आधी वाचा. त्यात २०१५ ला लिलाव आला, ५० वर्षांची लीझं आली, खाणीची झळ बसलेल्यांसाठीचा जिल्हा खनिज निधी आला. गोव्यात २०२२ पासून ब्लॉकचे, म्हणजे आखून दिलेल्या खाणक्षेत्रांचे, लिलाव सुरू झाले, २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकवर काम परत चालू झालं, आणि आता जे काही भांडण आहे ते बरंचसं ह्या नव्या ब्लॉकांच्या ईसीवरून, म्हणजे पर्यावरण दाखल्यावरून आहे, घरं देवळं तळी ब्लॉकच्या आत का आली ह्यावरून आहे. ज्याला आत्ता ह्या क्षेत्रात यायचंय त्याच्यासाठी काम इथे आहे.

बाकी कायदे किती? पाण्याचा १९७४, वन संवर्धनाचा १९८०, हवेचा १९८१, पर्यावरण संरक्षणाचा १९८६, जैवविविधतेचा २००२, आणि ह्यांच्यावरचं भांडण ऐकायला २०१० चा राष्ट्रीय हरित लवाद. वन्यजीवांचा १९७२ चा कायदा मात्र लवादाच्या यादीत नाही, हे नवीन वकील हटकून विसरतात आणि वाघाची केस घेऊन लवादात जातात. ती हायकोर्टात न्यायची. म्हादई अभयारण्याला व्याघ्र प्रकल्प करा हा जुलै २०२३ चा आदेश पण हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचाच.

आणि पुस्तकं जुनी वापरू नका हो. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातल्या तुरुंगाच्या शिक्षा काढून बऱ्याच ठिकाणी दंड आणला, त्याच वर्षी वेगळ्या दुरुस्तीने वन संवर्धन कायद्याचं तर नावच बदललं. ईसी न घेता काम सुरू केलं आणि नंतर मागून ईसी घेतली तर चालतं का, ह्यावर सुप्रीम कोर्टाने १६ मे २०२५ ला सांगितलं की नाही चालत, आणि १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक असा तो निकाल परत मागे घेतला. सहा महिन्यांत. मी त्या मधल्या काळात तयार केलेली एक अख्खी नोट फाडून टाकलीय.

माझी चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही

गावाकडून घेतलेली माझी पहिली मोठी केस. एका ईसीला आव्हान द्यायचं होतं. गावातल्या लोकांनी आरटीआय टाकलेला, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर, सगळं व्यवस्थित, त्यात ईसीची कॉपी मिळाली, मी त्या दिवसापासून तीस दिवस मोजले आणि अपील तयार केलं, चांगलं केलं होतं, आजही वाचलं तर मला त्याची लाज वाटत नाही. लवादाच्या कायद्यात कलम १६ चं अपील तीस दिवसांत करायचं, फार तर आणखी साठ दिवस माफ होतात, त्याच्यापुढे एक दिवससुद्धा नाही. समोरच्या वकिलाने उभं राहून एक पेपरचं कात्रण पुढे केलं. ईसी मिळाली म्हणून कंपनीने दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते, ती दिली होती, आतल्या पानावर, टेंडर आणि हरवलेल्या सर्टिफिकेटांच्या मधे, आमच्या आरटीआयच्या चार महिने आधी. घड्याळ तेव्हाच सुरू झालेलं. संपलं. पायऱ्या उतरताना एक म्हातारा मला म्हणाला, "जांव दी गो बाय, तुका खबर नाशिल्लें." म्हणजे जाऊ दे गं, तुला माहीत नव्हतं. मला तेव्हा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी रोज सकाळी गोमन्तक आणि तरुण भारत मागच्या पानापासून वाचते, जाहिराती आधी. तुम्हीसुद्धा ही सवय लावा. आणि परिवेश नावाचं केंद्राचं पोर्टल आहे त्यावर अर्ज, मिटिंगची इतिवृत्तं, ईसी सगळं चढतं, तिथे आठवड्यातून एकदा गोवा टाकून बघायचं. मुदतीचं आणखी थोडं: कलम १४ खाली वाद न्यायचा तर सहा महिने, कलम १५ खाली भरपाई मागायची तर पाच वर्षं. अपिलाची मुदत चुकली म्हणून सगळंच संपत नाही, ईसीतल्या अटी मोडल्या तर ते नवीन कारण आहे, फक्त ते दाखवायला फोटो पाहिजेत.

खाण बघायची कशी

मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा, कमीत कमी. मेमध्ये विहिरी बघा, जुलैत ओहोळ बघा.

आमच्याकडे लोखंडाचं मिनेर डोंगराच्या पोटात असतं, पिट खोल खोल जातो आणि जमिनीतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली उतरतो. मग पिटात पाणी भरतं, ते पंपाने उपसून ओहोळात सोडतात, आणि आजूबाजूच्या बांयी, म्हणजे विहिरी, आणि झरी आटतात, कारण पाणी सगळं त्या खड्ड्याकडे धावतं. शिरगावात हेच झालं, तो प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला. दुसरी गोष्ट डंप. एक टन मिनेर काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते आणि जुनी लीझं बहुतेक १०० हेक्टरच्या आतली, एवढी माती ठेवणार कुठे, म्हणून डंप उंच झाले, बाहेर गेले, आणि पहिल्या मोठ्या पावसाला शेतात उतरले. म्हणून शेतकरी म्हणाला "आमच्या बांयचें उदक तांबडें जालां" तर तुम्ही नुसतं लिहून घ्यायचं नाही, विचारायचं की कधी झालं, पाऊस सुरू झाल्यावर की आधी, पंप कुठल्या वेळेला चालतो, रात्री का, गाळ शेतात कुठल्या बाजूने आला, आणि त्याच्याबरोबर चालत जायचं ते पाणी जिथून येतं तिथपर्यंत. चालत. गाडीतून नाही. ओहोळाच्या काठाने वर गेलं की शंभरात नव्वद वेळा उत्तर मिळतं, आणि उरलेल्या दहा वेळा कळतं की गाळ खाणीचा नव्हताच, वर कोणीतरी प्लॉट पाडायला डोंगर कापलाय. हेसुद्धा कळायला हवं, कोर्टात उलटतपासणीच्या वेळी कळण्यापेक्षा.

फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा, तोच फोन जपून ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, पूर्वीचं ६५ बी. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेला फोटो म्हणजे देवळातला फुटका नारळ, दाखवायला बरा, कामाचा नाही. पाण्याचा नमुना तुम्ही बाटलीत भरून लॅबला देऊ शकता, द्याच, पण कायद्याने धरला जाणारा नमुना प्रदूषण मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला असतो, तेव्हा मंडळाच्या साळगावच्या ऑफिसात पत्र द्या, तपासणी मागा, आणि तुमच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. माझ्या मते ह्या प्रोफेशनमधली सगळ्यात ताकदवान वस्तू म्हणजे इनवर्डचा शिक्का. सहा महिन्यांनी अधिकारी म्हणतो आम्हाला माहीतच नव्हतं, तेव्हा तुम्ही फक्त तो कागद वर करायचा.

जमिनीचे कागद हे वेगळंच प्रकरण आहे. वन फोर्टीनचा उतारा (आमचा सातबारा), सर्व्हे प्लॅन, कोमुनिदादची म्हणजे गावसंस्थेची सामायिक जमीन, कुळ कोण, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) कोण, भाटकार (जमीनमालक) कोण, आणि खाली कुठेतरी पोर्तुगीजमधलं कन्सेशन. लीझची हद्द जुन्या नकाशात एक आणि सर्व्हे नंबरांवर बसवली की दुसरी, असं कितीतरी वेळा होतं. पोर्तुगीज येत नसलं तरी चालेल पण वाचून देणारा एक माणूस ओळखीचा ठेवा, असे म्हातारे वकील आणि निवृत्त कारकून मडगाव-पणजीत अजून आहेत, चहा पाजा आणि शिकून घ्या, पुढच्या पिढीत ते मिळणार नाहीत. आणि बोलायचं कोकणीत, लिहायचं मराठीत किंवा इंग्लिशमध्ये, ही कसरत करावीच लागते, गावातल्या माणसाचं ॲफिडेव्हिट इंग्लिशमध्ये केलं तर त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका, हे नियम म्हणून तर आहेच पण नंतर तोच माणूस कोर्टात म्हणतो की हे मी बोललोच नव्हतो, ते टाळायला पण.

जनसुनावणी ही नव्या वकिलाची शाळा. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या, अधिसूचनेप्रमाणे निदान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, अहवालाचा मसुदा आणि सारांश लोकांना बघायला ठेवावा लागतो, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्तपेक्षा खालचा नाही असा अधिकारी, सगळं व्हिडिओवर, आणि शेवटी नोंदी लोकांच्या भाषेत वाचून दाखवायच्या. कोरम लागत नाही, त्यामुळे "आम्ही बहिष्कार टाकला, सुनावणी होऊच शकत नाही" हा जो गावागावात समज आहे तो चुकीचा आहे, बहिष्कार टाकून लोक घरी बसले की कागदावर हरकत शून्य. जा, बोला, आणि बोलण्यापेक्षा लेखी द्या, पान नंबरसकट द्या की अहवालाच्या अमुक पानावर ओहोळ दाखवलेलाच नाही. वास्कोत २०१७ मध्ये कोळशाच्या सुनावण्या दिवसच्या दिवस चालल्या कारण लोक उठून जायला तयार नव्हते, तो अभ्यास करण्यासारखा प्रसंग आहे. आणि अहवालात काय लपवलं ते शोधायला शिकायचं असेल तर मोपा विमानतळाचा २९ मार्च २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, सुरुवातीच्या फॉर्ममध्येच आजूबाजूची जंगलं आणि संवेदनशील भाग नीट सांगितला नव्हता म्हणून ईसी थांबवली. पुढे जानेवारी २०२० मध्ये ती अटी घालून चालू झाली आणि विमानं आज उडतायत हेही माहीत असू दे, म्हणजे जिंकणं म्हणजे नक्की काय ह्याचा अंदाज येतो.

कोणत्या बाजूने?

हा प्रश्न सगळे विचारतात पण हळू आवाजात. गोवा लहान आहे. आज कंपनीसाठी ज्या लीझचे कागद बघितले त्याच लीझविरुद्ध उद्या गावासाठी उभं राहता येत नाही, ते बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही आणि तोंड दाखवायला जागा पण उरत नाही. मी बाजू बदलली तेव्हा आधीच्या नोकरीत हात लावलेल्या सगळ्या विषयांची यादी करून ठेवली होती, त्या यादीतलं काम आजही घेत नाही.

कंपनीचं काम म्हणजे पाप नाही. लीगल खात्यात मी शिकले ते असं: १ जून आणि १ डिसेंबरला ईसीचे सहामाही अहवाल, ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पर्यावरण विवरण, मंडळाची कन्सेंट (खाण चालवायची संमती) कधी संपते, मायनिंग प्लॅनला इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची मंजुरी कुठवर आहे, त्यात किती टन आणि ईसीत किती टन, आणि दोन्हींतला जो कमी आकडा तो खरा. मॅनेजर म्हणतो मार्केट चांगलंय, पंधरा दिवस जास्त काढूया. तेव्हा त्याच्या टेबलावर कॉमन कॉज केसचा २ ऑगस्ट २०१७ चा निकाल ठेवायचा, ओडिशाचं प्रकरण, परवानगीशिवाय काढलेल्या मालाची १०० टक्के किंमत भरायला लावली, आणि गप्प बसायचं. मी बघितलंय, बोलण्यापेक्षा ते गप्प बसणं जास्त काम करतं. अशा वेळी "हे करता येणार नाही" असं लिहून देणारा वकील कंपनीला वर्षभर महाग वाटतो आणि तपासणीच्या दिवशी स्वस्त. तुमचा सल्ला कोणी तोंडी मागत असेल, मेल नको म्हणत असेल, तर ती नोकरी बदला. मी तशीच बदलली.

गावाच्या बाजूने काम करायचं तर गोव्यात ज्यांनी वाट पाडली ती माणसं अजून आहेत, म्हापशाची गोवा फाउंडेशन १९८६ पासून केसेस करतेय, नॉर्मा आल्वारिस ह्यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या जुन्या याचिका मिळवून वाचा, लिहायचं कसं ते तिथे दिसतं, कमी शब्दांत. पैसे मात्र उशिरा येतात, थोडे येतात, कधी नारळ आणि फणस येतात (फणस तर हमखास, मे महिन्यात माझ्या डिकीला कायम वास). म्हणून पहिली पाच वर्षं बाकीची दिवाणी कामं, टायटल सर्च (जमिनीची मालकी तपासणं), ग्राहक मंचाच्या केसेस सोडू नका, नुसत्या पर्यावरणावर घर चालवीन म्हणणारे दोन वर्षांत मुंबईला नोकरीला गेलेले मी बघितलेत. मधले रस्तेपण आहेत, सरकारच्या आणि मंडळाच्या पॅनेलवर वकील लागतात, लिलावात भाग घेणाऱ्यांना आणि कर्ज देणाऱ्या बँकांना ब्लॉकचे कागद तपासून देणारे लागतात. ह्या शेवटच्या कामाला सध्या खरी मागणी आहे आणि ते करणारी माणसं कमी.

ह्यात एक गोष्ट कॉलेजात कोणी सांगत नाही. माझ्या काकांचे दोन टिपर, म्हणजे मिनेर वाहणारे ट्रक होते. बँकेचं कर्ज काढून घेतलेले, २०१२ मध्ये बंद पडले, अंगणात उभे राहून त्यांच्या टायरांतून गवत आलं. मी गावांच्या केसेस घ्यायला लागले त्या वर्षी चवथीला काका माझ्याशी बोलले नाहीत, आरती झाली, नेवऱ्या वाटल्या, मला ताट काकूने दिलं. खाणपट्ट्यात काम करताना हे घरोघर आहे, एक भाऊ टिपरवाला, दुसरा शेतीवाला, विहीर दोघांची. तुमच्या याचिकेतला "गाव" म्हणजे एकमुखी वस्तू नसते, ग्रामसभेत हात वर करणारे आणि न करणारे दोघेही तुम्हाला रस्त्यात भेटणार. मी त्यामुळे एक करते, भरपाई मागताना किंवा जिल्हा खनिज निधीचा विषय आला की त्यात काम गेलेल्यांचा उल्लेख घालतेच. काका आता बोलतात. टिपर भंगारात गेले.

लोखंडाशिवायही कामं आहेत, आणि शिकायला तीच बरी. चिरेखाणी, खडी, रेती. दीपक कुमार केसमधल्या सुप्रीम कोर्टाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालानंतर लहान खाणींनाही ईसी लागायला लागली, पाच हेक्टरच्या आतल्यांनासुद्धा. मांडवी, शापोरा, तेरेखोलच्या काठावर रात्री रेती काढणाऱ्या होड्या, कोणाच्या तरी बागायतीला लागून पाडलेली चिरेखाण, पंधरा फुटांचा खड्डा आणि कुंपण नाही, अशा केसमध्ये समोर दिल्लीचे सीनियर नसतात, जागा अर्ध्या दिवसात बघून होते, आणि निकाल तुमच्या हयातीत लागतो.

कोर्टाचं रोजचं असं: हायकोर्टाचं खंडपीठ २०२१ पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत, हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात. पूर्वी पुण्याची तारीख म्हणजे रात्रीची बस, सकाळी स्टँडवर तोंड धुवून काळा कोट, आणि अकरा वाजता कळायचं की आज बोर्डावर नंबर पोचणार नाही. आता व्हिडिओवरून हजर राहता येतं, ज्युनियरसाठी ही फार मोठी सोय झालीय, गोव्यात बसून दुसऱ्यांच्या केसेसपण ऐका. फक्त इन्व्हर्टर बघून ठेवा, आमच्याकडे पावसात वीज जाते ती नेमकी तुमचा नंबर आला की. सीनियर निवडताना नाव मोठं किती ते बघू नका, तो तुम्हाला जागेवर पाठवतो का ते बघा. वर्षभर पेजिनेशन आणि डेट मागणं एवढंच करायला लावणाऱ्याकडे थांबू नका.

सुरुवात कुठून करायची तर येत्या १ जूनपासून करा. तुमच्या तालुक्यातली एक चालू खाण निवडा, तिची ईसी परिवेशवरून उतरवा, प्रिंट काढा, अटींना नंबर घाला. सहामाही अहवाल चढला की तो बाजूला ठेवून एकेक अट जुळवा. जिथे "पालन केले आहे" असं एका ओळीत लिहिलंय तिथे पेन्सिलने खूण करा. मग जुलैच्या एखाद्या रविवारी, तीन दिवस सलग पाऊस पडून गेल्यावर, गावातल्या कोणाला तरी घेऊन सरकारी रस्त्यावरून आणि ओहोळाच्या काठाने जा, लीझच्या आत परवानगीशिवाय पाय टाकू नका, ते घुसखोरीचं प्रकरण होतं आणि मग केस तुमच्यावरच. गमबूट घाला. जळवा असतात, खिशात मीठ ठेवा. पेन्सिलची खूण केलेली प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत न्या, माझी पहिली भिजून लगदा झाली होती.